आक्कांचा भोपळा आणि लिलावाची वही

हे प्रकरण आमच्याच मंडळीतलं आहे (आमचा ख्रिस्ती समाज आणि त्याचं प्रार्थनामंदिर, दोन्हींना आम्ही मंडळी म्हणतो), आणि त्यातली मोठी चूक माझ्या हातून झालेली आहे. मंडळीचा खजिनदार म्हणून बारा वर्षं वही माझ्याकडे होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्या बाईंबद्दल हे आहे त्या आजही तिथंच राहतात. त्यांना विचारूनच लिहितोय. त्यांनी एकच अट घातली, "लिवा गुरुजी, पण माझं नाव परत कुठं वाचून दाखवू नका." म्हणून इथं त्यांना नुसतं आक्का म्हणतो. निम्मं गाव त्यांना हीच हाक मारतं.

आमच्या भागातल्या इतरही मंडळ्यांत हंगामाचा सण होतो, लिलाव होतो आणि लिलावाची बाकी राहते. ज्यांच्याकडे ती वही आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर मांडतो आहे.

मंडळी आणि तिची सुगी

सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. मंडळीत बत्तीस घरं. कोल्हापुरात 1852 साली रॉयल वाइल्डर आले, पुढं ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं आणि तिथून सांगली-मिरजेकडे पसरलं. मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1894 साली दवाखाना काढला. आमच्या बऱ्याच घरांचा मिशनशी संबंध त्या दवाखान्यातून आला. कुणाची आजी तिथं नर्स, कुणाचे आजोबा कंपाउंडर. बाप्तिस्मा घेतला तेव्हा ही सगळी घरं गावकुसाबाहेरची होती. शिकले ते मिरज, पुणे, मुंबईला गेले. राहिले त्यातल्या नऊ घरांच्या नावावर शेत आहे, तेही गुंठ्यांत मोजावं असं. उरलेली घरं दुसऱ्याच्या रानात राबतात.

ही जमिनीची गोष्ट लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं. हंगामाचा सण म्हणजे शेतातलं पहिलं फळ देवापुढं आणायचं. पण ज्याला शेतच नाही त्यानं काय आणायचं? आमच्या बायका वर्षानुवर्षं काढणीच्या मजुरीत मिळालेलं आणतात. सोयाबीनची मळणी झाली की शेतकरी पायली-दोन पायली धान्य वर देतो, ते. भुईमूग उपटून झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगांचा सरवा वेचतात, तो. परड्यातली वांगी, शेवग्याच्या शेंगा, कोंबडीची अंडी. शेतवाले उसाच्या मोळ्या, हळदीचे गड्डे, भाताच्या लोंब्या आणतात. वेदीभोवती सगळं एकत्र मांडलं की कोणाचं कुठलं ते ओळखू येत नाही. लहानपणी मला हेच सगळ्यांत आवडायचं.

परतीचा पाऊस थांबला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की मंडळीत हालचाल सुरू होते. वरिष्ठ वडील (मंडळीच्या पुढाऱ्यांना आम्ही वडील म्हणतो) चुन्याचं पिंप आणतात, तरुण संघाची पोरं शिडी लावून भिंती पांढऱ्या करतात. महिला मंडळाच्या घरप्रार्थना दर गुरुवारी आळीपाळीनं एकेका घरी. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, सगळे मिळून दफनभूमीत खुरपी घेऊन जातात, गवत काढतात, थडग्यांवर झेंडूची फुलं ठेवतात. त्याच आठवड्यात पेटी-तबल्यावर नाताळच्या गाण्यांची तालीम चालू होते. पण याच दिवसांत माणसं सर्वांत कमी मोकळी असतात. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणी चालू, छाटणीमागोमाग काड्यांना डोळे फुटण्यासाठी पेस्ट लावायची घाई. सोयाबीन मळून होतंय तोवर कारखान्यांची गाळपं सुरू. रविवारी सकाळी नऊला घंटा वाजवली तर मंडळीत म्हातारी माणसं आणि शब्बाथ शाळेची, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाची, मुलंच येतात. आम्ही या दोन महिन्यांत उपासना संध्याकाळी घेतो. बाया रानातून येतात, हातपाय धुतात आणि पदराला पेस्टचा वास तसाच घेऊन बाकावर बसतात.

लिलाव

सणाच्या दिवशी उपासना झाली की अंगणात लिलाव होतो. तरुण संघातला एखादा खणखणीत आवाजाचा पोरगा टेबलावर चढतो, नारळ उचलतो, "शंभर एक वार, शंभर दोन वार..." बोली चढत जाते. घेणारा पुष्कळदा तीच वस्तू परत अर्पण करतो आणि ती पुन्हा विकली जाते. एक नारळ चार-चार वेळा फिरतो. हसणं, टाळ्या, मेहुण्या-मेहुण्यांची चढाओढ. पुण्या-मुंबईची पोरं मुद्दाम सुट्टी काढून येतात. वर्षभराचा पाळकसाहेबांचा (आमच्या धर्मगुरूंचा) प्रवासखर्च, लाइट बिल, छपराची डागडुजी हे सगळं त्या एका दिवसाच्या पैशातून भागतं. लिलावाबद्दल पुढं मी वाकडं लिहिणार आहे, म्हणून हे आधी नोंदवतो. लिलावात आनंद होता आणि तो खरा होता.

पैसे तिथल्या तिथं देणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून वही. रकाने सहा: अनुक्रमांक, वस्तू, नाव, बोली, जमा, बाकी. नाताळपर्यंत बाकी भरायची असा रिवाज. न भरणाऱ्यांची यादी उपासनेनंतर जाहीर सूचनांमध्ये वाचायची. हा रिवाज माझ्या आधीच्या खजिनदारांनी पाडला. मी तो पुढं चालवला आणि एकदाही त्यावर विचार केला नाही.

2019

त्या ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीला आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोक्याची पातळी धरतात, पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्या गावात ते आठवडाभर हटलं नाही. मंडळीच्या खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं. भिंतीवर मातीची रेघ उठली, ती चुना मारूनही पुसट दिसते. नदीकाठच्या पट्ट्यातलं सोयाबीन उभ्या-उभ्या कुजलं.

आक्कांचं घर मातीच्या भिंतींचं होतं. ते बसलं. नवरा आधीच गेलेला, मुलगी इचलकरंजीला दिलेली. दहा-बारा दिवस त्या वरच्या शाळेत छावणीत होत्या. तिथं त्यांनी मनाशी नवस म्हणा, करार म्हणा, केला की परड्यात जे पहिलं उगवेल ते देवाचं.

त्या नोव्हेंबरात सण करावा की नाही यावर आमच्या कमिटीत दोन बैठका झाल्या. शेवटी करायचं ठरलं. वेदीपुढं फारच थोडं आलं होतं. त्या थोड्यात आक्कांचा एक तांबडा भोपळा. त्यांच्या परड्यातला वेल शेजारच्या उंच घराच्या पत्र्यावर चढला होता, म्हणून तेवढा वाचला. वेलाला फळ एकच धरलं होतं.

लिलावात तो भोपळा निघाला तेव्हा पुण्यात कंपनीत लागलेला आमचाच एक मुलगा उत्साहात होता. मंडळीच्या गिलाव्यासाठी पैसे जमवायचे होते आणि प्रत्येक वस्तूला तो बोली वाढवत होता. भोपळ्याला दोनशे म्हणाला. पलीकडून आक्का म्हणाल्या, "अडीचशे." सगळे हसले. तो म्हणाला, "आक्का, तुमचाच भोपळा तुम्हीच घेताय व्हय?" आणि तीनशे केले. असं करत आक्का साडेसातशेवर थांबल्या, मुलानं हात जोडले, टाळ्या वाजल्या. शंभर रुपये त्यांनी कनवटीचे काढून दिले. मी वहीत लिहिलं: भोपळा, 750, जमा 100, बाकी 650. तेव्हा बाईमाणसाची रानातली हजेरी दिवसाला दोनशेच्या आसपास होती.

मला वाटलं, आक्का भरात आल्या. सगळ्यांनाच तसं वाटलं.

नाताळपर्यंत पैसे आले नाहीत. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. प्रार्थनास्थळं बंद, उघडली, परत बंद. शेवटी 7 ऑक्टोबर 2021 ला सरकारनं ती पुन्हा उघडली आणि लगेच आमची सणाची तयारी सुरू झाली. हिशेब दोन वर्षं रखडलेला. सणाच्या आदल्या रविवारी मी उभा राहिलो आणि 2019 च्या बाकीची यादी वाचली. अकरा नावं होती. आक्कांचं नाव सातवं. मी शिक्षक असल्यामुळं वाचताना आवाज आपोआप चढतो, शेवटच्या बाकापर्यंत जातो. "भोपळा, सहाशे पन्नास."

यादीतल्या दोघांनी त्याच संध्याकाळी पैसे आणून दिले. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

गैरहजेरी

सणाला आक्का आल्या नाहीत. पेस्टच्या कामाला गेल्या असतील, असं धरलं. नाताळला आल्या नाहीत तेव्हा पाळकीणबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नींनी, विचारलं. नववर्षाच्या उपासनेलाही नाही. मग आम्ही दोन वडील आणि मी भेटायला गेलो. शासनाच्या मदतीतून उभ्या केलेल्या पत्र्याच्या खोलीत त्या होत्या. "सलाम" झाला, चहा झाला. तब्येत बरी नसती म्हणाल्या. आम्ही प्रार्थना केली आणि निघालो. बाकीचा विषय कुणीच काढला नाही. आम्हाला वाटलं, काढला तर त्यांना वाईट वाटेल. खरं कारण हे की काढला असता तर आम्हालाच मान खाली घालावी लागली असती.

त्यानंतर मी जे केलं ते मला त्या वेळी फार चांगलं वाटलं होतं. माझ्या पेन्शनमधून साडेसहाशे काढले, वहीत आक्कांच्या नावासमोर जमा लिहिले, बाकीच्या रकान्यात शून्य मांडलं. कुणाला बोललो नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे वचन डोक्यात होतं. फेब्रुवारीची गोष्ट. पुनरुत्थानाच्या सणाआधी ऑडिटला वही कमिटीपुढं ठेवली, तिथून ते फुटलं आणि महिला मंडळातल्या कुणीतरी आक्कांना चांगल्या हेतूनंच सांगितलं, "तुझं मिटलं गं, गुरुजींनी भरलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्का माझ्या दारात. घरात आल्या नाहीत, पायरीवर उभ्या राहूनच बोलल्या.

"गुरुजी, म्या देवाला दिलेलं तुमी कसं काय भरलं?"

मी म्हटलं, "आक्का, मिटावं म्हणून..."

"मिटलं न्हाई. आता ते तुमचं झालं. माझं काय ऱ्हायलं?"

मग त्या पायरीवर बसल्या आणि भोपळ्याचं सगळं सांगितलं. तो वेल त्यांच्या सासूनं लावलेल्या बियाणाचा. दरवर्षी एक फळ वेलावरच पिकू द्यायचं, बी काढायचं, ताज्या शेणात दाबून शेणाची थापटी भिंतीला चिकटवायची. किडा लागत नाही, उंदीर खात नाही. पुरात भिंतच गेली, बी भिंतीबरोबर गेलं. उरलं ते त्या एका भोपळ्याच्या पोटात. कराराप्रमाणं तो त्यांनी देवाला दिला. मनात होतं की गावातलं कुणीतरी घेईल, त्याच्याकडून मूठभर बी मागून घेऊ. पण अंगणात तो मुलगा बोलता बोलता म्हणाला, "हा पुण्याला नेणार, कंपनीतल्यांना दाखवणार." ते ऐकल्यावर आक्कांनी बोली लावली. पैसे नव्हते, तरीही लावली.

तो मुलगा निव्वळ प्रेमानं बोलत होता. त्याला कळलं असतं तर त्यानं बी काय, सगळा भोपळा त्यांच्या परड्यात नेऊन ठेवला असता. टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा साठ-सत्तर माणसांपैकी एकालाही "आक्का, तुम्हाला हा कशाला हवाय?" असं विचारावंसं वाटलं नाही. बोलीची रीतच अशी की तिथं आकडा विचारतात, कारण विचारत नाहीत.

मी म्हटलं, वही दुरुस्त करतो. त्या म्हणाल्या, "करा. माझी बाकी परत लिवा. मी फेडीन."

वहीतली दुरुस्ती

कमिटीच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. माझे साडेसहाशे सर्वसाधारण दानात माझ्या नावावर वळवले, आक्कांसमोर पुन्हा 650 बाकी मांडली. एका सभासदानं विचारलं, बाकी माफ का करत नाही? चांगला प्रश्न होता, आणि आक्का दारात आल्या नसत्या तर मीही तोच विचारला असता. पण त्यांनी माफी मागितली नव्हती. त्यांना स्वतःचं दान स्वतः पुरं करायचं होतं. आम्ही एवढंच ठरवलं की हप्ता किती आणि कधी ते त्या ठरवतील आणि पावती मिळेल. पैसे त्या गुरुवारच्या घरप्रार्थनेला पाळकीणबाईंकडे देऊ लागल्या, एका वेळी पन्नास. पावसाळ्यात काम नसलं की दोन-दोन महिने काहीच नाही. रविवारच्या उपासनेला मात्र अजून येत नव्हत्या.

यादीतल्या उरलेल्या नावांकडेही मग नीट पाहिलं. अकरांपैकी दोघांनी लगेच भरले होते. आक्का सोडल्या तर आठ राहिले. त्या आठांतली बरीच घरं गेल्या वर्षभरात सणासुदीला येईनाशी झाली होती. एका घरातला माणूस तर जाहीर वाचनानंतर शेजारच्या गावातल्या दुसऱ्या प्रार्थनागटात जायला लागला होता. आम्ही त्याचं कारण तिकडची गाणी-बजावणी आहे असं समजत होतो.

पाळकसाहेबांनी एका रविवारी बायबलमधल्या, पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय घेतला. तिथं प्रभुभोजनाच्या वेळी ज्यांच्याकडे आहे ते आधी जेवून घेतात, दुसरा उपाशी राहतो, आणि पौल विचारतो की ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय. त्यांनी लिलावाचं नावही काढलं नाही. वडिलांच्या बाकावर मात्र सगळ्यांच्या माना खाली होत्या.

पहिला उपाय फसला

2022 च्या सणाला आम्ही लिलावच बंद केला. बंद पाकिटं वाटली, ज्यानं त्यानं घालायचं ते घालावं. यादी नाही, नावं नाहीत. कागदावर हे अगदी बरोबर दिसत होतं.

प्रत्यक्षात अंगण सुनं पडलं. तरुण संघातली पोरं उपासना संपल्यावर मोटारसायकलींना टेकून उभी राहिली आणि अर्ध्या तासात पांगली. पुण्याची दोन-तीन घरं आलीच नाहीत. जमा झालेला पैसा आदल्या वर्षाच्या निम्म्याहून कमी. वेदीपुढच्या भाज्यांचं काय करायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी वांगी सडायला लागली तेव्हा पाळकीणबाईंनी ती शेजारपाजारी वाटली. आणि ज्यांच्यासाठी हे केलं ती घरं आलीच नाहीत. लाज गेली की माणूस आपोआप परत येतो, असं आम्ही धरून चाललो होतो. तसं झालं नाही. त्यांच्याकडे जाऊन आम्ही एकदाही म्हटलं नव्हतं की यादी वाचली ही आमची चूक झाली.

मग आम्ही गेलो. आठही घरी. हे काम सर्वांत अवघड होतं, आणि माझ्या मते याच कामानं पुढचं घडलं. एका घरात आम्हाला बाहेरूनच परत पाठवलं. दुसऱ्या घरातल्या बाई रडल्या, तिसऱ्या घरात हसून "जाऊ द्या हो गुरुजी" म्हणाले, पण डोळे हसत नव्हते.

आक्का त्या वर्षी 2 नोव्हेंबरला दफनभूमीत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. नवऱ्याच्या थडग्याभोवतीचं गवत काढलं, मग शेजारच्या दोन बेवारस थडग्यांभोवतीचंही काढलं. मी जवळच खुरपत होतो. त्या म्हणाल्या, "हराळी हाय, मुळासकट काढा." एवढंच बोलणं झालं.

तीन वाटे

2023 च्या उन्हाळ्यातच महिला मंडळानं विषय हातात घेतला. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या फळांची टोपली वेदीपुढं ठेवायला सांगितली आहे, आणि लगेच पुढं सांगितलंय की लेव्यानं (देवाच्या सेवेला वाहिलेल्या कुळातल्यानं) आणि तुमच्यात राहणाऱ्या उपऱ्यानं तुमच्याबरोबर आनंद करावा. 'लेवीय' या पुस्तकात शेताच्या कडा कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या, असं आहे. सरवा म्हटल्यावर आमच्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांनीच ठरवलं की सणाला आलेल्या मालाचे तीन वाटे करायचे.

पहिला वाटा त्याच दिवशीच्या प्रीतिभोजनाला. दुसरा सरव्याचा: आजारी, एकट्या, ज्यांच्या घरी त्या वर्षी काही आलं नाही त्यांच्याकडे पिशव्या जातात. तिसऱ्याचा लिलाव, पण रोख. खिशात असेल तेवढीच बोली, वहीत बाकीचा रकानाच नाही. वस्तू कोणी आणली ते टेबलावरून सांगायचं नाही. आणि प्रत्येक वस्तू निघण्याआधी विचारायचं, "ही कुणाला घरी लागणार आहे का?" लागत असेल तर ती सरव्याच्या वाट्यात जाते. हा प्रश्न आक्कांच्या भोपळ्यामुळं आला. तो सुचवणाऱ्या बाई आक्कांच्या शेजारच्या.

सरव्याच्या वाट्यावर बैठकीत वाद झाला. आमच्या शिवारात नोव्हेंबरला बीड भागातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, उसाच्या फडाकडेला कोप्या टाकतात, बैलगाड्या, पाचटावर झोपलेली पोरं. महिला मंडळाचं म्हणणं, एक पोतं तिकडं गेलं पाहिजे. एक ज्येष्ठ वडील म्हणाले, आपल्याच माणसांना पुरत नाही आणि ते आपल्यातले नाहीत. पाळकसाहेबांनी तेव्हा साताऱ्याची आठवण काढली. तिथं 1917 साली नारायण वामन टिळकांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना दोघांनाही जागा होती. वडिलांचं त्यानं पूर्ण समाधान झालं असं नाही. ते आजही म्हणतात, आधी घरचं बघावं. पण मतदानात पोतं मंजूर झालं, आणि ते टोळीकडं पोचवायला ट्रॅक्टर त्यांच्याच मुलानं दिला.

पैशाचं सांगायचं तर तीन वाट्यांच्या पद्धतीत 2022 पेक्षा बरं जमलं, पण जुन्या लिलावाएवढं नाही. मागच्या बाजूचं छप्पर त्यामुळं एक वर्ष पुढं ढकललं. पावसाळ्यात तिथं दोन बादल्या ठेवाव्या लागल्या. आठ घरांपैकी पाच परत आली. आम्हाला दारातून पाठवणारं घर आलं नाही. शेजारच्या गावातल्या गटात गेलेला माणूस तिकडंच आहे आणि तिथं सुखात आहे, त्याच्याशी आता बोलणं आहे. मोठ्या बोली लावणाऱ्या एका घरानं नाराजी धरली. त्यांचं म्हणणं, आम्ही मंडळीसाठीच देत होतो, आमचा कमीपणा कशाला काढता. त्यांना मी उत्तर देऊ शकलो नाही. त्यांनी खरंच खूप दिलं आहे, गिलाव्याचा निम्मा खर्च त्यांचाच.

दुसऱ्या मंडळीनं हे करायचं ठरवलं तर मी एवढंच सुचवेन की वाटे नंतर ठरवा, आधी बाकीच्या यादीतल्या घरी जाऊन या. आणि सोबत वही नेऊ नका.

तेरावा हप्ता

2023 च्या सणाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी आम्ही मंडळीत सजावट करत होतो. दाराला उसाची कमान बांधली होती, पोरं वेदीवर ज्वारीची ताटं टेकवत होती. आक्का आल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तांबडा भोपळा, पाच-सहा किलोचा तरी असेल. तो त्यांनी वेदीपुढं ठेवला. मग पदराच्या गाठीतून पन्नासची नोट काढली.

मी वही उघडली. त्या माझ्याशेजारी बाकावर बसल्या, बोट लावून हप्ते मोजले. अक्षर वाचता येत नाही, पण आकडे येतात. तेरा. मी बाकीच्या रकान्यात शून्य मांडलं आणि त्यांना दाखवलं.

"पावती?" त्या म्हणाल्या.

पावतीपुस्तक घरी राहिलं होतं. मी म्हटलं, उद्या देतो आक्का. त्या उठल्या नाहीत. मग सायकलवर शब्बाथ शाळेतल्या एका मुलाला घरी पाठवलं. तो येईपर्यंत आक्कांनी कडेचं कापड ओलं करून भोपळ्यावरची माती पुसली आणि भोपळा जरा फिरवून देठ भिंतीकडं केला. पुस्तक आल्यावर मी पावती लिहिली, सही केली. त्यांनी तिची चार घड्यांची पुडी केली, कनवटीला लावली.

"ह्याच येलाचं बी मी घरी काढून ठेवलंया, दुसऱ्या फळाचं," त्या निघताना म्हणाल्या. "हा कोन बी पुन्याला न्यू दे."